व्हॅनची खांदशेकणी

बोरगावात पोळ्याचं पहिलं तोरण चार पिढ्या पुंडलिकरावांच्या घराचं होतं, आणि शहाऐंशी साली त्यांच्या गोठ्यात बैलच नव्हते. कवड्या वैशाखात मेला. लाखन एकटा पडला, आणि एकट्या बैलाला कोणी नांगराला जुंपत नाही म्हणून तोही सौंसरच्या बाजारात गेला. नांगरट भैय्याजींच्या ट्रॅक्टरनं होऊ लागली आणि रिकाम्या गोठ्यात, कवड्याच्या खुंट्याला लागूनच, एक पांढरी मिनी व्हॅन येऊन उभी राहिली. आसपासच्या खेड्यांत तशी दुसरी नव्हती. संत्र्याच्या बागेच्या कामाला घेतली असं पुंडलिकराव सांगत. प्रत्यक्षात संत्र्याची एक पेटीही तिच्यात चढली नव्हती, कारण सीटवरचं प्लास्टिक अजून काढायचं होतं.

श्रावण सरत आला तसा गावाला घोर लागला की पहिल्या तोरणात उभं कोण राहणार. पोळ्याला गावच्या सगळ्या जोड्या आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेत उभ्या राहतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची यमकाची गाणी, म्हटल्या जातात, आणि मग मानाची जोडी तोरण तोडून सगळ्यांच्या आधी निघते. त्यालाच पोळा फुटणं म्हणतात. मानाची जोडी नसली तर मान पुढच्या घराला जातो. बोरगावात पुढचं घर भैय्याजींचं होतं, आणि एकदा गेलेला मान परत आल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. पुंडलिकरावांचे वडील शेवटच्या दुखण्यातही खाट उचलून आखरावर न्यायला लावून तोरण तुटताना पाहून आले होते. तेव्हा पुंडलिकरावांची झोप उडाली यात नवल नाही.

ते नागपूरहून बी.ए. झालेले. गावच्या पटेलांच्या, दादारावांच्या, ओट्यावर बैठक भरली तेव्हा त्यांनी तर्कशास्त्राचा आधार घेतला. घरचा भार जो वाहतो तो बैल. आमच्या घरचा भार आता व्हॅन वाहते. सबब व्हॅन हाच आमचा बैल. कोणीतरी मागून विचारलं की ती रवंथ करते काय. दादारावांनी त्याला गप्प केलं, डोळे मिटले, बराच वेळ विचार केला, म्हणजे बहुधा डुलकी काढली, आणि निकाल दिला. व्हॅन उभी राहू शकते. मात्र बैलाचे सगळे सोपस्कार तिचे व्हावेत. आदल्या सांजेची खांदशेकणी, सकाळची आंघोळ, रंग, बाशिंग, झूल, नवी वेसण. एकही राहिला की मान भैय्याजींचा. भैय्याजी कोपऱ्यात सुपारी कातरत बसले होते.

बाकी सोपस्कार सोपे होते. अडचण खांदशेकणीची. वर्षभर जूं वाहून बैलाचा खांदा दुखावतो म्हणून आदल्या सांजेला कढत तूप आणि हळद पळसाच्या पानानं त्याला चोळतात. पण व्हॅनचा खांदा कुठला? ती समोरून चपटी. पुंडलिकराव दोनदा तिच्याभोवती फिरले. शेवटी प्रश्न चिंधूनं सोडवला. चिंधू त्यांचा सालगडी; बावीस वर्षं त्यानं बैल सांभाळले आणि व्हॅन आल्यावर पंधरा दिवसांत तिचा ड्रायव्हर झाला, मालकांना अजूनही मागं घेता येत नसताना. गेल्या महिन्यात पांढुर्ण्याला हिरामण मिस्त्रीकडं गाडी दाखवायला नेली तेव्हा मिस्त्री स्वतः म्हणाला होता की इंजिन नुसतं गुरगुरते, भार सारा गियरबॉक्सवर येते. म्हणजे खांदा तोच.

पुंडलिकरावांनी गाडीसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं की गियरबॉक्समध्ये उत्तम प्रतीचंच वंगण वापरावं. घरच्या तुपापेक्षा उत्तम प्रतीचं वंगण बोरगावात नव्हतं. जयवंताबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, सणासाठी साठवलेलं दीड शेर तूप कुरकुरत का होईना पण दिलं. चिंधूनं गाडीखाली शिरून आधी आतलं काळं तेल काढून टाकलं, कारण काळ्या तेलावर पिवळं तूप घालणं त्याच्या मनाला पटेना, आणि मग नरसाळ्यानं हळद कालवलेलं कोमट तूप आत सोडलं. मग त्यानं गाडीच्या दाराला हात जोडून बैलाला म्हणतात तसंच म्हटलं, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. पुंडलिकरावांना भरून आलं.

पोळ्याच्या दिवशी सकाळी सहाला सगळ्या जोड्यांमागोमाग व्हॅनही नाल्यावर गेली. जाताना लोण्यासारखी गेली. पुंडलिकराव म्हणाले, पाहिलं, खांदा मोकळा झाला. परत निघताना मात्र चिंधूनं गियर टाकला आणि गाडीच्या पोटातून खर्रर्र असा आवाज आला की चार बैल दावं ओढून पळाले. दुसरा गियर, खर्रर्र. तिसरा, त्याहून वाईट. चिंधू म्हणाला, मालक, राहू द्या. पुंडलिकरावांनी त्याला उठवलं, स्वतः बसले, आणि शिकलेल्या माणसाच्या चिकाटीनं तासभर दांडा ढकलत राहिले. तासाभरानं आवाजही येईना. आठ माणसांनी ढकलत गाडी घरी आणली. नाल्यावरून मानाच्या बैलाला ढकलत आणण्याचा बोरगावातला तो पहिलाच प्रसंग.

तोरण पाचला होतं. चिंधू मिळेल त्या बसनं पांढुर्ण्याला धावला.

साडेअकराला तो हिरामणला घेऊन आला. हिरामण पांढुर्ण्याचा, बौद्ध, चाळिशीचा, कमी बोलणारा. नागपूरच्या गॅरेजात नऊ वर्षं काढून आलेला. जीप, ट्रॅक्टर, टेम्पो त्यानं डोळे झाकून उघडले होते. या नव्या व्हॅनचा गियरबॉक्स मात्र एकदाही नाही. पोळ्याच्या मानापानाशी त्याला काही घेणंदेणं नव्हतं. त्याला गियरबॉक्सशी होतं. चिंधूनं रस्त्यात आवाजाची नक्कल करून दाखवली होती आणि ती ऐकल्यापासून त्याला उसंत नव्हती. आज उशीर झाला तरी रात्रीपर्यंत पोचलं पाहिजे एवढंच त्यानं सांगितलं; उद्या पांढुर्णा आणि सावरगावच्या मधे जाम नदीत गोटमार, म्हणजे दोन्ही गावांची एकमेकांवर दगडफेकीची जत्रा, दुकान तर बंदच, पण दुकानाचा पत्रा सांभाळायला माणूस लागतो.

तोवर अंगणात निम्मं गाव जमलं होतं. पोळ्याला बैलाकडून काम घेत नाहीत, मग व्हॅनचे नटबोल्ट खोलणं चालतं काय, अशी शंका निघाली. दादाराव काठी टेकत आले, पाहिलं, आणि म्हणाले की दुरुस्ती म्हणजे काम नव्हे, हे खांदशेकणीतच धरावं. सगळ्यांना हायसं वाटलं.

हिरामण घमेलं घेऊन गाडीखाली शिरला आणि त्यानं खालचा बोल्ट सोडला. घमेल्यात पिवळं, दाट, सुवासिक काहीतरी पडू लागलं. अंगणभर फोडणीचा वास सुटला. बराच वेळ गाडीखालून फक्त हिरामणचे पाय दिसत होते आणि ते अजिबात हलत नव्हते. मग तो बाहेर आला, बोट हुंगलं, सगळ्यांकडं पाहिलं.

"पुंडलिकराव, वरण-भात कोठी ठेवला?"

लोक हसले. चिंधू पुढं झाला आणि म्हणाला की मीच माझ्या मनानं घातलं, मालकांना ठाऊकही नव्हतं. पुंडलिकरावांच्या ओठांवर आलं होतं की हो, यानंच घातलं. पण बावीस वर्षांत हा माणूस कधी खोटं बोलला नव्हता आणि आता बोलतोय तो आपल्यासाठी, हे त्यांना दिसलं. ते म्हणाले, "मीच सांगतलं त्याले. पुस्तक वाचून सांगतलं." गाव हसायचं थांबलं. पुस्तक वाचून झालेल्या चुकीला बोरगावात वेगळा मान होता.

आतून जयवंताबाईंचा आवाज आला. "पोरासोरांच्या तोंडचं तूप मशीनले पाजलं अन् मशीनलेच नाही पचलं. चांगलं झालं बावा."

दोन वाजता गियरबॉक्स खाली उतरला. चिंधू आणि आणखी तिघांनी तो असा धरला होता की नवजात वासरूही कोणी इतकं जपून धरत नाही. हिरामणनं धुतलेलं पोतं अंथरलं आणि एकेक भाग काढून ओळीनं मांडत गेला. ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं, एकही इकडचा तिकडं नाही. गर्दी आपोआप मागं सरली. पुंडलिकराव उकिडवे बसले होते. खरं सांगायचं तर मानाचा त्यांना घटकाभर विसरच पडला. त्या पेटीत एवढं सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे, दातात दात, कड्यात कडं, आणि आपण वर बसून नुसता एक दांडा हलवतो, हे त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. हिरामणही या खोक्यात पहिल्यांदाच उतरलेला. त्याचे डोळे लकाकत होते. प्रत्येक भाग हातात घेऊन तो आधी स्वतःशीच मान हलवायचा, मग खाली ठेवायचा.

मग त्यानं तीन पितळी कडी उचलली. तिन्हींच्या आतल्या बारीक रेघा सपाट झाल्या होत्या.

"ह्या रिंगा पाहा," तो म्हणाला. "गियर बदलतानी ह्या घासतात, पकडतात, मंग दातात दात बसते. घासाले पकड लागते. तुम्ही तूप पाजलं. रिंग घसरून राहिली, अन् वरून तुम्ही जोर लावून राहिले."

"मंग?"

"मंग दुसरा, तिसरा, चौथा गेले. नवीन रिंगा नागपुराहून येतीन. परवा."

पाचला तोरण होतं आणि हिरामण परवाची गोष्ट करत होता. पुंडलिकराव उठून उभे राहिले, परत बसले. आखरावरून ढोलाचा आवाज येऊ लागला होता. चार पिढ्या, खाटेवरून तोरण पाहून आलेले वडील, आणि आपण तो मान दीड शेर तुपात बुडवला. चिंधूनं हळूच विचारलं, "मिस्त्री, पहिला?"

हिरामणनं पहिल्या गियरचं चाक उचलून उन्हात धरलं. फिरवून पाहिलं. आणि सकाळपासून पहिल्यांदा हसला. पहिल्याचे दात साबूत होते. तो गाडी बंद ठेवूनच टाकायचा आणि मग चालू करायची, एवढं पाळलं तर आज गाडी चालेल. पण तूप पूर्ण धुऊन काढलं पाहिजे, घासलेटनं, दोनदा. आणि मग सव्वा लिटर खरं गियरचं तेल पाहिजे, नव्वद नंबरचं. तेलाशिवाय तो बॉक्स बंद करणार नाही. ते तेल त्याच्याकडं पांढुर्ण्याला होतं, आणि तिथं जाऊन पाचच्या आत परतणं शक्य नव्हतं.

सौंसरची दुकानं सणाची बंद. गावात ट्रॅक्टर एकाकडं आणि तसल्या तेलाचा डबाही एकाकडंच. सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि सगळे पुंडलिकरावांकडं पाहत होते. शेवटी जयवंताबाई दारात येऊन म्हणाल्या, "जा नं. भैय्याजीच्या घरी तेल हाय. तोंडानं मागा, पुस्तकात पाहून राहू नोका."

पुंडलिकराव गेले. भैय्याजी आपल्या जोडीच्या शिंगांना हिंगूळ लावत होते. पुंडलिकरावांनी काय म्हणायचं ते वाटेत चारदा घोकलं होतं, त्यात भाऊपणा, शेजारधर्म, उपकार हे शब्द होते. दारात पोचल्यावर त्यातलं एकही सुचलं नाही. ते म्हणाले, "भैय्याजी, नव्वद नंबरचं तेल पाहिजे. सव्वा लिटर."

भैय्याजींनी हात पुसले. पाठ फिरवून आत गेले. पुंडलिकरावांना वाटलं, संपलं. तेवढ्यात भैय्याजी अख्खा डबा खांद्यावर घेऊन बाहेर आले आणि चला म्हणाले. चालतही इतक्या घाईनं होते की पुंडलिकरावांना मागून धावावं लागलं.

"भैय्याजी, पण मान..."

"मानाचं राहू द्या. मी पण या साली जोडी विकून राहिलो. पोरं बैलं पाहाले तयार नाहीत. पुढल्या पोळ्याले मले ट्रॅक्टर उभा करायचा हाय दुसऱ्या तोरणात." त्यांनी आवाज उतरवला. "तुमची व्हॅन आज गेली नाही, तं दादाराव म्हणन मशीनचा काही बैल होत नसते. मंग माया ट्रॅक्टर कोठी बांधू? लवकर चाला."

यानंतर अंगणात जे घडलं ते बोरगावनं क्वचितच पाहिलं असेल: भैय्याजी स्वतः घमेलं धरून बसले, दादारावांनी काठी बाजूला ठेवून कंदील धरला, भरदिवसा, कारण गाडीखाली अंधार होता, आणि पुंडलिकराव बी.ए. यांनी हातात ब्रश घेऊन घासलेटनं चाकामागून चाक धुतलं. हिरामण फक्त बोट दाखवायचा. हे. आता हे. याच्या मागं ते. बॉक्स बंद झाला. वर चढला. चार जणांनी आधार दिला, हिरामण खालून बोल्ट आवळत गेला. तेल आत जाऊ लागलं, काळसर, जाड, वासाला अजिबात चांगलं नसलेलं. आणि पुंडलिकरावांना तो वास तुपापेक्षा गोड वाटला. इकडं बायकांनी तेवढ्यात बाशिंग काचेवर चढवलं होतं, आरशांना रंग दिला होता, छतावर झूल म्हणून जयवंताबाईंचा लग्नातला शालू होता, आणि वेसण कुठं घालावी ते न कळून कोणीतरी ती पुढच्या काचेच्या वायपरला बांधली होती.

पाचला सात मिनिटं होती. हिरामणनं चिंधूला पाठ करून घ्यायला लावलं: बंद असतानीच पहिला लावायचा. मग क्लच दाबून चालू करायची. मग हळू सोडायचं. एकदा लागला की घरी येतपर्यंत काढायचा नाही. काढला तर पुन्हा लागन याची मी गॅरंटी देत नाही.

आखरापर्यंत गाडी ढकलतच नेली, गियर फक्त तोरणासाठी राखायचा म्हणून. पहिल्या जागी व्हॅन, तिच्या मागं भैय्याजींची जोडी, मग तीस-बत्तीस जोड्या. चिंधू आत, त्यानं गियर टाकून ठेवला होता आणि दांड्यावरचा हात काढायला तो तयार नव्हता. पुंडलिकराव दाराशी उभे, हात दारावर, जसा दरवर्षी कवड्याच्या पाठीवर असायचा. हिरामण गाडीच्या मागं उकिडवा. झडत्या सुरू झाल्या. एका म्हाताऱ्यानं बैलांची गायली, दुसऱ्यानं पावसाची गायली. मग भैय्याजी पुढं झाले, कानावर हात ठेवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"शिंग नाही, शेपूट नाही,
कडबा टाकला तं खात नाही,
पण तोरणाखाली उभी राहाते,
मालकाचा मान मालकाले देते!"

हर हर महादेव असा गजर उठला. ज्यांनी व्हॅनला नावं ठेवली होती त्यांचाच आवाज सगळ्यात मोठा होता. दादारावांनी काठी वर केली.

चिंधूनं किल्ली फिरवली. गाडी कण्हली, गप्प बसली. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. चिंधूनं पुन्हा फिरवली, आणि इंजिन लागलं. त्यानं क्लच सोडला, इतका हळू की पुंडलिकरावांनी श्वास धरला तो बराच वेळ धरूनच ठेवावा लागला. खर्रर्र झालं नाही. काहीच आवाज झाला नाही. गाडीनं एक पाऊल टाकल्यासारखं केलं आणि निघाली. बाशिंगाचं टोक तोरणात अडकलं, दोर ताणला, तुटला, आंब्याची पानं टपावरच्या शालूवर पडली. पोळा फुटला.

पहिल्या गियरमध्ये व्हॅन बैलाच्या चालीनं चालते हे तेव्हा गावाच्या लक्षात आलं. एक पाऊल कमी नाही, एक पाऊल जास्त नाही. म्हातारी माणसं एकमेकांकडं पाहून माना डोलवू लागली. अशी शिस्तीची चाल त्यांनी खुद्द लाखनचीही पाहिली नव्हती. मागून सगळ्या जोड्या त्याच चालीनं आल्या. मारुतीच्या देवळाशी रिवाजानं सगळ्यांनी थांबायचं असतं. व्हॅन थांबली नाही.

"चिंधू, थांबव."

"मालक, मिस्त्रीनं काढू नोको म्हणलं."

पुंडलिकरावांनी हात जोडले ते चालता चालताच, आणि मागच्या बत्तीस घरांनीही चालता चालता जोडले. घरोघरी बायका पूजेचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनाही गाडीसोबत चालत ओवाळावं लागलं. कुंकू काचेला लावता लावता दाराला लागलं. हिरामण पूर्णवेळ गाडीच्या बाजूनं वाकून चालत होता, कान तिच्या पोटाशी, आणि मधूनमधून एक बोट वर करून सगळ्यांना गप्प करत होता. ढोलवाल्यांनीही त्याचं ऐकलं.

घर आलं. जयवंताबाई ताट घेऊन उभ्या होत्या.

"अवो, तिले थांबवा नं जरा."

"थांबत नसते. तू चाल सोबत."

त्या चालू लागल्या. पदर सावरत, दिवा हातानं झाकत, मानाच्या घरची बाई पहिल्या गियरच्या चालीनं गाडी ओवाळत गेली. सकाळचं तूप त्यांनी माफ केलं नव्हतं, ते तोंडावर दिसत होतं. पण चालता चालताच त्यांनी खिडकीतून चिंधूच्या हातात पुरणाची पोळी ठेवली. मग त्यांनी हिरामणलाही पोळी दिली. त्यानं ती कान न हलवता घेतली.

गोठा जवळ आला. इथं गाडी बंद करायची, मान घरात पोचला, झालं. पुंडलिकरावांचा हात अजून दारावर होता. पत्र्यातून इंजिनाचा थरकाप त्यांच्या हाताला जाणवत होता आणि तो उचलावासा वाटत नव्हता.

चिंधूनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तोंडात पोळी होती.

"मालक, चांगली चालून राहिली. एक चक्कर अजून मारू काय?"

पुंडलिकरावांनी हिरामणकडं पाहिलं. हिरामणनं कान काढला, जरा विचार केला, आणि होकाराची मान हलवली.

"मार," पुंडलिकराव म्हणाले. आणि बोरगावच्या सगळ्या बैलांना त्या साली पोळ्याचा फेरा दोनदा पडला.